खरं सांगा, दिसलं का

रोज दिवेलागणीला काका दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचे, रस्त्यावर यायचे आणि समोरच्या खांबावरच्या दिव्यापुढे तळहात धरायचे. दिवा झाकला की त्याच्या मागची, दोन इमारतींमधली आभाळाची पट्टी जराशी मोकळी व्हायची. तेवढ्यात दिसायचं ते दिसायचं. एखादा ग्रह, ढगाची कड, बहुतेक वेळा नुसता धूर. रस्त्यापलीकडच्या औषधवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की झेरॉक्सवाले आपल्याला हात करतात. तोही करायचा. पुढे त्याला खरं कारण कळलं, पण तोवर सवय पडली होती, आणि पडलेली सवय मोडायला कोणाला वेळ असतो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहत होते. त्यांचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. ताठ उभं राहिलं तर डोकं जिन्याला लागे, त्यामुळे काका आणि गिऱ्हाईक दोघंही एकमेकांपुढे किंचित वाकून बोलत, आणि लांबून पाहणाऱ्याला त्यांच्यात फार अदब आहे असं वाटे. आत दोन मशीन होती. एक चालायचं आणि दुसरं त्याला सुटे भाग पुरवायचं.

झेरॉक्स हा त्यांचा पोटाचा धंदा. जीव होता तो आकाशदर्शन मंडळात. मंडळ कधीकाळी बऱ्यापैकी भरलेलं होतं. मग कोणी गाव सोडलं, कोणी नातवंडांत रमलं, कोणाला जिने चढवेनात. मी पाहिलं तेव्हा मंडळ म्हणजे काका, त्यांचा मित्र वायरमन, आणि एक माणसाच्या उंचीची दुर्बीण. ती दोघांनी मिळून बांधलेली. आरसा मागवलेला, नळा पाण्याच्या जाड पाइपाचा, बैठक वायरमनने जुन्या वॉशिंग मशीनच्या लोखंडातून केलेली. महिन्यातून एकदा, चांदणं बेताचं असेल तेव्हा, ती ग्रंथालयाच्या गच्चीवर मांडायची आणि येईल त्याला आकाश दाखवायचं, एवढंच मंडळाचं काम.

गिऱ्हाइकाला कागद देताना काका त्यात एक चिठोरं सरकवत. 'शनिवारी ग्रंथालयाच्या गच्चीवर आकाशदर्शन. सर्वांना प्रवेश.' एका वकिलाने घाईत ते दाव्याच्या कागदांना टाचून कोर्टात दिलं आणि मग दुकानात येऊन आरडाओरडा केला. काका माफी मागत होते. वायरमन स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, "ते राहू द्या वकीलसाहेब. न्यायाधीश येणार आहेत का, ते सांगा. खुर्ची ठेवायला हवी."

कार्यक्रमाचे नियम काकांनी घालून दिले होते. विजेऱ्यांना लाल कागद लावायचा, म्हणजे अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही. रांगेत एकेकाने पुढे यायचं. दुर्बिणीला हात लावायचा नाही. आणि चष्मा काढूनच डोळा लावायचा.

हा शेवटचा नियम फार जुना. मंडळाने बरीच वाट पाहून एक चांगला आयपीस मिळवला होता. आयपीस म्हणजे नळ्याच्या तोंडाशी बसवायची छोटी भिंगं, ज्यांना आपण डोळा लावतो. पहिल्याच कार्यक्रमात कोणाच्या तरी चष्म्याची धातूची कड त्याला घासली आणि काचेवर ओरखडा उमटला. काका त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून रांगेच्या तोंडाशी काकू उभ्या राहत आणि प्रत्येकाला सांगत, "चष्मा काढून हातात धरा हं. आणि कशाला हात लावू नका." काकूंच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड होत्या. सगळ्यांचं झालं, चहा वाटून झाला, की शेवटी त्या चष्मा काढून डोळा लावत. काका विचारत, "दिसलं?" काकू म्हणत, "दिसलं." मग आवराआवर.

त्या हिवाळ्यात ग्रंथालयाचे सेक्रेटरी दुकानात आले. त्यांना कुठल्याशा दाखल्याच्या प्रती हव्या होत्या. वाकून उभ्या उभ्याच ते म्हणाले, "गच्चीवर पत्रे टाकून मुलांसाठी अभ्यासिका करायचं चाललंय. तुमचं मंडळ मधे येतं."

काकांचा हात मशीनच्या झाकणावर तसाच राहिला. "वर्षानुवर्षं करतोय साहेब आम्ही."

"करताय हो. पण येतं कोण? एकदा आलेला माणूस पुन्हा येताना मी पाहिलेला नाही. मुलं निदान रोज येतील."

हे काकांनाही ठाऊक होतं. लोक येत, वा म्हणत, छान म्हणत, जिना उतरत आणि परत फिरकत नसत. का, ते त्यांना कधी उमगलं नव्हतं. शनीचं कडं एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा आल्यावाचून राहतो कसा? त्यांनी स्वतः ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी त्यांना डोळा काढवत नसे.

"अजून तीन कार्यक्रम बघू," सेक्रेटरी निघताना म्हणाले. "लोक यायला लागले तर मी बोलेन कमिटीत."

शटर ओढून काका आणि वायरमन आकडेमोड करत बसले. शनी संध्याकाळी पश्चिमेला होता आणि आठवड्यागणिक खाली सरकत होता, म्हणून या वेळी महिन्याऐवजी दर पंधरवड्याला कार्यक्रम घ्यायचं ठरलं. पश्चिमेला नवी उंच इमारत उभी राहिली होती. हात लांब करून मूठ धरायची आणि ग्रह इमारतीच्या किती मुठी वर आहे ते मोजायचं, ही मंडळाची पद्धत. पहिल्या कार्यक्रमाला तीन मुठी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला जेमतेम एक. त्यानंतर तो मावळतीच्या उजेडात बुडणार आणि कितीतरी महिने संध्याकाळी दिसणार नव्हता. तोवर गच्चीवर पत्रे पडलेले असणार.

"शनी मागे लागला की लोक देवाला साकडं घालतात," वायरमन म्हणाला. "आणि तू त्याच्यामागे लागलायस. त्यालाच साडेसाती बसणार."

काका हसले नाहीत. एरवी हसायचे.

पहिला कार्यक्रम ढगांनी खाल्ला. आम्ही चौघं गच्चीवर बसून होतो, आणि थर्मासातला चहा आम्हीच संपवला. ढगामागून एक अंधुक उजेड येत होता. काका त्याच्याकडे असे बघत होते, जसं आजारी माणसाच्या खोलीच्या बंद दाराकडे बघावं.

दुसऱ्या वेळी मात्र आभाळ धुतल्यासारखं होतं. काकांनी सगळा आठवडा जिवाचं रान केलं होतं. प्रत्येक कागदात चिठोरं, प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी आमंत्रण, ग्रंथालयातल्या अभ्यासाच्या मुलांना हाताला धरून आणणं. रांग जिन्यापर्यंत गेली. सेक्रेटरी आले. त्यांनी चष्मा काढून काकूंच्या हातात दिला, डोळा लावला, "छान, छान" म्हणाले आणि बाजूला झाले. काकांचा चेहरा मला त्या लाल उजेडातही दिसत होता. खूप दिवसांनी श्वास घेतल्यासारखा.

पांगापांग झाल्यावर त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. "मग साहेब?"

"तुमची तळमळ कळते मला," सेक्रेटरी म्हणाले. "पण स्पष्ट बोलू का? एका पांढऱ्या डागासाठी एवढी मोठी गच्ची अडवून ठेवायची, हे कमिटीला पटवणं कठीण आहे."

घरी जेवताना काकांचा ताबा सुटला. "डाग म्हणतो. शनीला डाग म्हणतो. एवढं सुरेख कडं, त्याच्या आणि ग्रहाच्या मधली काळी फट दिसत होती आज, आणि हा म्हणतो डाग. डोळे आहेत का काय आहेत."

काकू वाढत होत्या. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "डागच दिसतो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मलाही डागच दिसतो. पांढरा, पसरट. कापसाच्या बोळ्यासारखा."

"आज?"

"कायमच."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "तू तर दर वेळी म्हणायचीस, दिसलं."

"तुम्ही विचारायचात, दिसलं का. दिसायचा की डाग. म्हणून म्हणायचे दिसलं." मग म्हणाल्या, "मला वाटायचं तेवढंच असतं. बाकीचं तुम्ही मनाने लावता. कवी लोक लावतात तसं."

काका ताटावरून उठले नाहीत, पण पुढे घासही घेतला नाही. वाटीच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मग हळू म्हणाले, "चष्मा. तू चष्मा काढतेस."

"तुमचाच नियम आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान वायरमनवर टाकून ते काकूंचा चष्मा घेऊन गच्चीवर गेले. काकू स्वयंपाकघरात चाचपडत म्हणाल्या, "लवकर आणा. दूध उतू गेलं तर मला फक्त वासाने कळेल." गच्चीवर काकांनी दुर्बीण दूरच्या एका पाटीवर रोखली आणि स्वतःच्या धडधाकट डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवून आत पाहिलं. पाटीचा पांढरा डाग झाला होता. मग त्यांनी फोकसची फिरकी थोडी फिरवली. अक्षरं उमटली. आणखी थोडी फिरवली, तर पाटीवरचा गंजही दिसला.

म्हणजे दुर्बिणीत काही बिघाड नव्हता. ते दर वेळी फिरकी स्वतःच्या डोळ्याला जुळवत, आणि मग तिला कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. ज्यांना चष्मा नव्हता त्यांना कडं दिसलं. ज्यांचा नंबर मोठा होता, त्यांच्या हातात चष्मा काढून दिला गेला, आणि त्यांनी एका धुरकट डागाकडे पाहून, मागची रांग बघून, समोर उभ्या असलेल्या उत्सुक माणसाचं मन राखलं. वा म्हणाले.

घरी येऊन काकांनी चष्मा काकूंच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "निम्मे लोक असतील गं. निम्मे तरी."

तिसरा कार्यक्रम दोन आठवड्यांवर होता. काकांनी ठरवलं, पूर्वी येऊन गेलेल्या चष्मेवाल्यांना परत बोलवायचं. ते आले, त्यांना खरंखुरं कडं दिसलं, तर गच्ची भरेल आणि वाचेल. हिशेब सरळ होता. चुकला तो वेगळ्याच ठिकाणी.

आधी ते औषधवाल्याकडे गेले. मी बरोबर होते.

"मागे तुम्ही शनी बघायला आला होतात," काका म्हणाले. "खरं सांगा, दिसलं होतं का?"

"दिसलं की. फार सुंदर."

"चष्मा काढून?"

"तुमच्या मिसेसनीच काढायला लावला."

"मग नसेल दिसलं. कडं कसं होतं, सांगा बरं."

"गोल."

"गोल ग्रह असतो. कडं त्याच्याभोवती असतं. ते दिसलं का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. औषधवाल्याने हातातली बाटली खाली ठेवली. "म्हणजे मी खोटं बोललो, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"तसं नाही हो. तुमची चूक नाही, माझी चूक आहे. तुम्हाला काही दिसलं नाही, एवढं फक्त कबूल करा."

त्या संध्याकाळी काका दिव्यापुढे हात धरून उभे राहिले, तेव्हा पलीकडून कोणी हात केला नाही.

शिंप्याकडे तर प्रकरण हातघाईवर आलं. "चाळीस वर्षं सुईत दोरा ओवतोय मी," शिंपी म्हणाला. "आणि मला दिसत नाही? जा, आधी माझ्याइतकी बारीक शिलाई घालून दाखवा, मग बोला." काका हात जोडून उभे होते. माणसं आपल्याला खोटं पाडू नका म्हणून हात जोडतात. काका 'नव्हतं दिसलं' एवढं ऐकण्यासाठी जोडत होते, आणि ते म्हणायला कोणी तयार नव्हतं.

"लोकांना खोटं पाडत हिंडताय," काकू म्हणाल्या. "नुसतं, या, पुन्हा दाखवतो, एवढं म्हणा की."

"तेही म्हणून झालं. ते म्हणतात, बघितलंय आम्ही. जे बघितलंय ते बघायला कोण जिने चढेल?"

"मग राहू द्या."

"राहू देऊ? गच्ची जाईल."

"जाऊ दे. तुमची तब्येत बघा जरा."

काका एकदम म्हणाले, "तुला अजून दिसलेलं नाही." काकू उठून आत गेल्या.

रोज ते कोणा ना कोणाकडे जात आणि पडलेल्या चेहऱ्याने परत येत. दुकान वेळेवर उघडेना. गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जायला लागलं. वायरमन एक दिवस वैतागून म्हणाला, "अरे, माणसाला आपण आंधळे होतो असं कोणी ऐकवतं का? मी एवढी वर्षं लोकांच्या घरची वायरिंग करतोय. आधीच्याने केलेली कितीही भिकार असली, तरी मी म्हणतो, छान आहे, थोडी सुधारू. तू घरात शिरतोस आणि म्हणतोस, सगळं जळलंय."

कबुली दिली ती एकट्या शाळेतल्या निवृत्त बाईंनी. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली, प्रश्न पुरा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "नव्हतं दिसलं. पुढच्याला दिसलं, मागच्याला दिसलं, मधे मीच राहिले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हटलं, या वयात आपल्याला नाही जमायचं हे. घरी येऊन नातवाला सांगितलं, फार सुंदर होतं. तो विचारत राहिला आणि मी रचून सांगत राहिले."

काकांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तसाच खाली ठेवून ते उठले. बाहेर आल्यावर ते फाटकाला धरून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. ते म्हणाले, "चूक माझी आणि बाई स्वतःला कमी समजून बसल्या. असे किती असतील?"

तिसऱ्या कार्यक्रमाला मोजकी माणसं आली. निवृत्त बाई, वसतिगृहातल्या चार मुली, ग्रंथालयाचा शिपाई, रस्त्याने जाता जाता वर आलेलं एक जोडपं. औषधवाला नाही, शिंपी नाही. ज्यांच्या दारी काका गेले होते, त्यांतलं बाईंखेरीज कोणीही नाही. पश्चिमेचा उजेड विझत होता आणि शनी नव्या इमारतीच्या एक मूठ वर चमकत होता.

काका काकूंपाशी गेले. "तू आधी ये."

काकूंच्या हातात थर्मास होता. "पाहुणे उभे असताना घरच्या बाईने आधी डोळा लावायचा? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे आज."

"बाई एवढे जिने चढून आल्यात. त्यांना जाऊ द्या. मी कुठे पळून चाललेय?"

बाई पुढे आल्या आणि सवयीने चष्मा काढू लागल्या. काकांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या तो. आणि ही फिरकी तुम्ही स्वतः फिरवा. सावकाश." बाई वाकल्या. फिरकी पुढे गेली, मागे आली, थांबली. बराच वेळ काही नाही. मग त्या अगदी साध्या आवाजात, बाजारातली वस्तू पारखावी तसं म्हणाल्या, "याला कडं आहे."

"आहे," काका म्हणाले.

"वेगळंच आहे. चिकटलेलं नाही."

त्या हलेनात. त्यांना हलवायला कोणाची छाती झाली नाही. मग मुली, शिपाई, जोडपं. प्रत्येकाने फिरकी आपल्या डोळ्याला जुळवायची म्हटल्यावर रांग गोगलगायीसारखी सरकू लागली. वायरमन हात लांब करून मूठ धरत होता. अर्धी मूठ उरली.

"वहिनी, या आता," तो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यातून सेक्रेटरी वर आले.

काकूच बाजूला झाल्या. "साहेबांना आधी बघू द्या," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं. गच्ची त्या एका माणसाच्या होकारावर टांगलेली होती. त्यांनी सेक्रेटरींना दुर्बिणीपाशी जागा करून दिली.

सेक्रेटरींनी चष्म्यासकट डोळा लावला. फिरकी फिरवली. मग मान वर करून, दुर्बिणीसमोर जाऊन नळ्याच्या उघड्या तोंडात वाकून पाहिलं.

"आत चित्र बित्र चिकटवलेलं नाही ना?"

"नाही साहेब."

ते परत आले. पुन्हा वाकले. आता ते उठेचनात. "मागच्या वेळी हे असं नव्हतं," ते डोळा न काढता म्हणाले. "कधीपासून आहे हे असं?" त्यांचा आवाज लहान झाला होता. वायरमनची मूठ खाली आली, नुसती दोन बोटं उरली. काका त्या बोटांकडे बघत होते आणि सेक्रेटरींच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते. एक शब्द टाकला असता तर ते उठले असते. काकांनी तो टाकला नाही. एवढी वर्षं ज्यासाठी काढली ते समोर घडत होतं. एका माणसाला दिसत होतं. त्याला ऊठ कसं म्हणायचं?

सेक्रेटरी बाजूला झाले तेव्हा काकांनी काकूंना दंडाला धरून आणलं. काकू चष्म्यासकट वाकल्या, फिरकी फिरवली.

"काय दिसतंय?"

"थांबा." मग थोड्या वेळाने, "कोणाच्या तरी घरात टीव्ही चालू आहे. एक बाई कपड्यांच्या घड्या घालतेय. अगदी स्पष्ट दिसतंय हो. घडी चुकीची घालतेय ते पण दिसतंय."

काकांनी मूठ धरली. इमारतीच्या वर काही नव्हतं.

सेक्रेटरी चष्मा पुसत त्यांच्याजवळ आले. "फार मोठी गोष्ट आहे ही. आधी दाखवायची होती हो."

"आता दाखवली ना. कमिटीत बोलाल ना साहेब?"

सेक्रेटरींनी काचा पुन्हा पुसल्या. "मागच्या आठवड्यात ठराव झाला. पत्रे सोमवारी येतायत."

"तीन कार्यक्रम बघू म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण दुसऱ्याला मला डाग दिसला. त्याच बळावर सही केली मी."

वायरमन काहीतरी कडू बोलणार होता. काकांनी त्याला हातानेच थांबवलं. "त्यांची चूक नाही," ते म्हणाले आणि आयपीस काढून फडक्यात गुंडाळायला लागले. गाठ काही बसेना, शेवटी ते फडकं मी बांधलं.

पत्रे आले. दुर्बिणीचा नळा घरी पलंगालगत आडवा झाला. बाजूने चालताना पाय आपटायचा. काका रोज दुकान बंद करून जागा शोधायला जात. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, मुलींच्या गच्चीवर परकी माणसं नकोत. गाड्यांच्या तळाचा मालक म्हणाला, दिवे बंद केले तर गाड्यांना जबाबदार कोण? आमच्या इमारतीला गच्ची होती, पण वर टाक्यांची दाटी, आणि पश्चिमेला तीच नवी इमारत. काका कुठल्याही मोकळ्या आवारात शिरून हात लांब करून मूठ धरत, आणि पहारेकरी त्यांना हटकत. त्यांचा सदरा अंगावर सैल पडत चालला. बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरू लागलं. वायरमनने एकदा म्हटलं, "अरे, सोड आता." काका म्हणाले, "त्या रात्री मी साहेबांना उठा म्हणालो नाही. तिला मागे ठेवलं आणि गच्ची पण गेली. एकही धड केलं नाही मी."  वायरमन उठून दिव्याचं बटण दुरुस्त करू लागला. ते बिघडलेलं नव्हतं.

शनी पहाटेच्या आभाळात परतला, मग मध्यरात्रीच्या, आणि महिने उलटून पुन्हा संध्याकाळी वर येऊ लागला, तेव्हा कुठे अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याने हो म्हटलं. कवायतीचं मैदान, भोवती बुटकी भिंत, आभाळ चारी बाजूंनी उघडं. शनिवार ठरला. काकांनी पुन्हा चिठोरी छापली. या वेळी खाली एक ओळ जास्तीची होती. 'चष्मा असल्यास घालून यावे.'

त्या शनिवारी दुपारी दुकानात, मशीनचं झाकण उघडं असताना, ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. औषधवाला रस्ता ओलांडून धावत आला. डॉक्टर यायच्या आधीच सगळं आटोपलं होतं.

संध्याकाळी कोणीतरी मैदानावर जाऊन लोकांना सांगायला हवं, हे वायरमनच्या लक्षात आलं. तो गेला. परत येऊन म्हणाला की बरीच माणसं आली होती, गच्चीवर मावली नसती इतकी. निवृत्त बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. पुष्कळांनी चष्मे घातले होते. कार्यक्रम नाही म्हटल्यावर काही जण तिथेच उभे राहून नुसतंच वर बघत होते. शनी कुठला ते एकाने विचारलं. वायरमनने बोट दाखवलं आणि परत आला.

काकूंना वायरमनने नंतर दोनदा विचारलं, दुर्बीण लावू का? काकू म्हणाल्या, "बघू पुढं कधी." नळा अजून पलंगालगत आहे.

त्या शनिवारी दुपारी जेवून, दुकानात परत जाताना काका नेहमीसारखे दारात चपला घालत होते. मी अभ्यासाला बसले होते. काकू आतून विचारत होत्या, थर्मास किती भरायचा, दूध जास्तीचं घ्यायचं का, आणि माणसं किती येतील. काकांना एक चप्पल सापडत नव्हती. ती पलंगाखाली निघाली. पायात सरकवत ते म्हणाले, "तू लवकर ये आणि पहिली उभी राहा. चहा मी देतो सगळ्यांना."